वरच्या आळीची तक्रार

सकाळी नडगीवर अंगठा दाबला
तर खळगा पडला, आणि तसाच राहिला,
ओल्या मातीत चावीचा दांडा रोवल्यासारखा.
वजन चौसष्ट दोनशे. काल त्रेसष्ट.
शकूने कॅलेंडरवर लिहिलं,
दुधाच्या हिशेबाशेजारी.

एकतीस वर्षं मी पर्वती जलकेंद्रावर चावीवाला.
कुठल्या गल्लीचा व्हॉल्व्ह किती आट्यांचा
हाताला अजून पाठ आहे.
ससूनमधल्या डॉक्टर मृण्मयी कानडे
केसपेपरच्या पाठीवर दोन घेवडे काढून
समजावू लागल्या,
तेव्हा म्हटलं, बाई, हे मला येतं.

पंप दमलाय.
पाणी आहे, लाइनीत आहे, नको तिथे मुरतंय,
पण वरच्या आळीच्या नळाला धार नाही.
वरच्या आळीचा माणूस काय करतो?
ऑफिसला फोन करतो, पाणी नाही म्हणतो.
त्याच्या बादलीपुरतं ते खरंच असतं.

मूत्रपिंड म्हणजे तो.
दाब उतरला की तो अर्ज खरडतो, नाव रेनिन.
यकृताचा कागद जोडून, फुप्फुसाचा शिक्का घेऊन
अर्जाचा हुकूम होतो, अँजिओटेन्सिन:
नळ्या आवळा.
घेवड्याच्या डोक्यावर टोपीएवढी ग्रंथी बसलेली,
ती अल्डोस्टेरॉन सोडते: मीठ अडवा.
मिठामागे पाणी न बोलावता येतं.
मेंदूच्या तळातूनही निरोप,
लघवी आखडा, तहान वाढवा.
दुष्काळ जाहीर.
आणि इकडे माझ्या चपलेचा पट्टा बसेना.

एका उन्हाळ्यात
धनकवडीच्या चढावरून रोज फोन यायचा.
मी रोज दोन आटे जास्त उघडत गेलो.
तिसऱ्या आठवड्यात खाली
गुजराथ्याच्या तळघरात कापडाचे तागे भिजले.
पंपाचा पंखा झिजला होता, एवढंच.
फोन करणारा खोटं बोलला नव्हता.
मीही कामचुकारपणा केला नव्हता.
साहेबांनी मेमो मात्र मला दिला.

रात्री तीन उशा. तरी दोन वाजता उठून बसतो,
खिडकीचा गज धरून. तळजाईकडून वारा येतो.
ताणलेलं हृदयसुद्धा चिठ्ठ्या पाठवत असतं म्हणे:
सोडा, पाणी सोडा, खूप झालं.
त्या चिठ्ठ्या मोजायलाच रक्त काढलं,
बाराशे चाळीस निघाल्या.
बाराशे चाळीस! आणि कुणी ऐकलं नाही.
जुना नियमच तसा:
दाब उतरला म्हणजे रक्त सांडलं समजा,
धरून ठेवा.
जंगलात जखमी पडलेल्याला तो वाचवत असेल.
मी तर खाटेवर बसलोय, सहकारनगरात.

आता सकाळची गोळी सांडवा उघडते.
आठ ते अकरा मी बस पकडत नाही.
दुसरी गोळी अल्डोस्टेरॉनच्या कानात बोळा घालते.
दिवसाला दीड लिटर, चहा-आमटी धरून;
शकूने जुन्या सरबताच्या बाटलीवर
नेलपेंटची रेघ मारलीय.
पापडाचा डबा माळ्यावर.
अळणी भाजीला मी नावं ठेवतो,
ती ऐकून घेते, मीठ काही देत नाही.

काल बुधवार. उद्या पाणी बंद,
म्हणून तिने सगळं भरलं:
पिंप, बादल्या, कुकर, इडलीपात्राचा खालचा भागसुद्धा.
म्हटलं, दोन माणसांना एवढं?
म्हणाली, नाही आलं तर?
मी गप्प बसलो. ह्या प्रश्नावर
एकतीस वर्षांत मला उत्तर सापडलेलं नाही.

दिवा मालवल्यावर मी कुशीवर वळलो,
कमरेच्या वर, पाठीशी, दोन्हीकडे तळहात ठेवले
आणि ऑफिसच्या फोनवर बोलायचो तसं
हळू आवाजात म्हटलं,
खुटवड बोलतोय, जलकेंद्रावरून.
तुमची तक्रार मिळाली.
पाणी आहे हो. भरपूर आहे.
पंपाचं काम चालू आहे,
जरा दम धरा.

शकूने अंधारात विचारलं, कुणाशी बोलताय?
वरच्या आळीशी, म्हटलं.
सकाळी चौसष्ट. दोनशे ग्रॅम गेले.
तिने लिहून ठेवलं.